वरचं नाव

"पण कुणीतरी खातंय ना त्याला, बुवा? कोण खातंय तेवढंच सापडत नाही."

निनाद कॉम्प्युटरबद्दल बोलत होता. आवाज मात्र घरात चोर शिरल्यासारखा.

रामलिंगबुवा शेजारी मांडी घालून बसले होते. गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, त्यांचा लहानसा मठ. डोळे अधू झाल्यापासून बुवांना कागदावरची पोथी दिसत नसे. एका शाळेनं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर कुणा भक्तानं आणून दिला होता, त्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली होती. पोथीची पानं त्यावर मोठ्या अक्षरांत दिसत.

फक्त एक पान उलटलं की दुसरं यायच्या आत समोरचा चहा निवून जाई. बुवा तोवर आधीचीच ओवी पुन्हा म्हणत. त्यांची काही तक्रार नव्हती.

तक्रार निनादची होती. पुण्यात तो कॉम्प्युटरच्याच कामातला जाणता माणूस, आणि तसं तो चारचौघांत सांगतही असे. पण त्याची झोप उडाली होती. हात थरथरत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तेव्हा कुणीतरी बुवांचं नाव सांगितलं आणि निनाद मंत्र मागायला मठात आला.

बुवांनी एवढंच सांगितलं होतं की आधी पोथीचं पान लवकर येऊ दे, मग बघू.

तेव्हा निनाद हसला होता. मंत्राला इतकी स्वस्त अट!

आता हसू पार मावळलं होतं. पडद्यावरच्या खिडक्यांची झगमग त्यानं काढली होती. चालू होताना आपोआप उठणारे प्रोग्राम बंद केले होते. पडद्याचा जड डेस्कटॉप काढून हलका बसवला होता. शेवटी सगळं पुसून नव्यानंसुद्धा घातलं. दर वेळी नवी मांडणी झाली की आधी स्वतःची हत्यारं, म्हणजे तपासणीचे प्रोग्राम, चढवी, मग तपासायला बसे. आणि पान काही केल्या लवकर येत नसे.

आज सुट्टी संपत होती. संध्याकाळची एसटी त्याला गाठायची होती. मंत्राशिवाय परतलो तर तीच खुर्ची, तीच छताकडे बघत काढलेली रात्र, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती वाटत होती.

मनगटावरच्या घड्याळात त्यानं नाडीचे ठोके बघितले. वाढले होते. ते वाढलेले पाहून आणखी वाढले.

"खाणारा दिसतो कुठं?" बुवांनी विचारलं.

निनादनं पडद्याच्या कोपऱ्यातली खिडकी मोठी केली. त्यात सगळ्या चालू प्रोग्रामांची नावं होती. जो जास्त खातो तो वर. शेजारी आलेख सारखे थरथरत होते. ही खिडकी मी कधीच बंद करत नाही, क्षणाक्षणाला नजर ठेवतो, असं त्यानं जरा अभिमानानंच सांगितलं.

बुवा पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

"ह्ये वरचं नाव कुणाचं?"

"ते सोडा, बुवा. ते माझंच आहे."

"तुझं म्हंजे?"

"ही खिडकीच. कोण किती खातंय ते बघणारी."

"...आनि ती काय खाती?"

निनाद उत्तर द्यायला म्हणून पहिल्या ओळीतला आकडा वाचायला गेला... सगळ्यांत मोठा तोच होता.

इतके दिवस तो दुसऱ्या ओळीपासून वाचत होता. पहिली ओळ आपली, तिच्यावर संशय कशाला घ्यायचा?

जुने खाणारे त्यानं केव्हाच काढले होते, उरली होती ती हीच. त्यानं खिडकी बंद केली.

बुवांनी बोटानं कळ दाबली. पान आलं. पुन्हा दाबली. पुन्हा आलं. बुवा लहान मुलासारखे खुदकन हसले आणि पुढची ओवी म्हणू लागले. त्यांना ती कितीतरी दिवसांनी वेळेवर भेटली होती.

निनाद मात्र खाली मान घालून बसला. मग हात जोडून म्हणाला,

"बुवा, अट पुरी झाली. आता मंत्र द्या."

बुवांनी त्याला जवळ ओढलं, कानात काहीतरी सांगितलं आणि डोळे मिटायला लावले.

मठात फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर होती. तीही हळूहळू मंद होत गेली. निनादचे खांदे सैल पडले. हाताची थरथर थांबली. श्वास लांब, संथ झाला...

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. तो हलला नाही.

मग त्यानं एक डोळा किलकिला केला आणि हळूच मनगट वळवून ठोके बघितले.

बुवांची नजर पोथीवरच होती.

"उघडलीस का परत खिडकी?"