जुन्या मीटरला हार

अवजारं बोलत असत तेव्हाची गोष्ट. एका सूतगिरणीत जुना आणि नवा असे दोन मीटर होते. जुन्याला फक्त संथ लाटेसारखी वाहणारी वीज मोजता येई. पुढे गिरणीत नवी यंत्रं आली. ती लचके तोडल्यासारखी वीज ओढत.

"मी भाजतेय हो," वायर कळवळली.

"तीसच अँपियर आहेत. नाटकं करू नकोस," जुना म्हणाला.

"चाळीस आहेत! तुला लचके मोजताच येत नाहीत," नवा म्हणाला.

फोरमन मगदूमांनी दोन्ही आकडे पाहिले आणि नव्याला कपाटात कोंबलं. "कालचं पोर! आमचा जुना वीस वर्षांत चुकलेला नाही."

आठवड्यात वायर जळाली. "मालच हलका होता," मगदूम म्हणाले.

खंडेनवमीला त्यांनी जुन्या मीटरला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला. शेजारच्या नव्या वायरने घाबरत विचारलं, "किती आहेत, आजोबा?"

"तीसच," हार सावरत तो म्हणाला.