दोराचं टोक

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, वाटीभर म्हावऱ्याचं कालवण देईन. मी चौथी नापास, वर खोटारडी. तरी ऐक.

"कशावरून मेला?" पोशा तांडेलानं विचारलं.

समोर जयेंद्र, त्याचाच चेला. समुद्र वाचायला म्हाताऱ्याकडं शिकला, मग शहरात जाऊन खुणांवरून घडलेलं ओळखणारं यंत्र केलं. मोबाइलात असतंय ते.

"तीन दिवस धर्माची होडी नाही. मधे वादळ झालं. आज नुसतं जाळं वाहत आलं. यंत्र म्हणतंय, होडी बुडाली."

त्याच्या शब्दावर धर्माला शोधणाऱ्या होड्या परत वाळूवर ओढल्या होत्या. धर्माची बायको हिरू हात पुढं करून बसलेली. बांगड्या फोडायचा दगड माझ्या हातात.

मी म्हटलं, "हा बोथट आहे गं. दुसरा आणा."

दगड कधी बोथट असतो का! पण गेल्या बाया शोधायला.

तांडेल जाळ्यापाशी बसला. जाळं होडीला बांधायचा दोर उचलून त्यानं जयेंद्रच्या हातात दिला.

"डोळे मीट. टोकावरनं बोट फिरव."

"तांडेल, हे काय आता..."

"फिरव."

फिरवलं. परत एकदा फिरवलं...

"गुळगुळीत आहे."

"तुटला असता तर?"

"झिपऱ्या निघाल्या असत्या... हा कापलाय. सुरीनं."

"कोणी?"

जयेंद्रचं तोंड उतरलं. होडीवर धर्मा एकटाच होता.

"सांग तुझ्या यंत्राला."

सांगितलं. यंत्र बाईच्या आवाजात लगेच बोललं, "आधीचा अंदाज मागे घेते. होडी वाचवायला त्यानं जाळं सोडलं असावं. तो जिवंत असू शकतो. शोध चालू ठेवा."

हिरूनं हात पदराखाली ओढून घेतले.

तिकडून बाया येताना दिसल्या. चांगला धोंडाच आणला होता मेल्यांनी.

"ऊठ," तांडेल म्हणाला. "होड्या काढायला सांग."

जयेंद्र हलेना.

"अख्ख्या कोळीवाड्यासमोर छातीठोक बोललोय मी, तांडेल. आता कोणत्या तोंडानं..."

तांडेलानं मोबाइलकडं बोट केलं.

"ती पण बोलली होती."

...

बघत काय बसलास? गोष्ट संपली. नीघ आता!