पाहुण्यांचं उरलेलं पाणी

फार वर्षांपूर्वी एका दिवाणखान्यात, फळीवरच्या बाटलीतल्या धाकट्या मनी प्लांटने विचारलं होतं, “माझ्या दादाला तहान लागलीय का, हे कुणी पाहिलं का?”

घर मोठं दयाळू. प्रत्येक पाहुण्याचं उरलेलं पाणी तांब्या फळीखालच्या कुंडीतल्या थोरल्याला पाजायचा. शोभेच्या त्या कुंडीला भोकच नव्हतं. थोरला पिवळा पडला, तसा तांब्या कळवळून दुप्पट पाजू लागला.

“तांब्याकाका, थांबा. त्याची मुळं कुजलीत.”

“बाटलीत राहतोस आणि पाण्यालाच नावं ठेवतोस होय रे?”

थोरला गेला. “पाणी कमी पडलं बिचाऱ्याला,” म्हणत तांब्या त्याच्या कुजक्या देठावर ओततच राहिला. शेवटी धाकट्याने आपली वेल खाली सोडली आणि दादाच्या कुंडीचं तोंड पानांनी झाकून टाकलं.