श्रवणालयाचा काळा पडदा

एकदा एक शिष्या स्वतःच्याच हातांनी सुधारलेल्या यंत्रापुढे हात जोडून बसली होती.

ती एका श्रवणालयात काम करी. दृष्टिहीन माणसांसाठी वाचून ध्वनिमुद्रित केलेली पुस्तके तिथल्या सर्व्हरवर साठवलेली होती. बाहेरच्या दालनात श्रोत्यांच्या खुर्च्या मांडलेल्या असत. प्रत्येक खुर्चीजवळ एक छोटी पेटी, त्या पेटीला हाताला लागतील असे उंच ठिपक्यांचे खटके आणि कानांवर लावायचा हेडफोन. श्रोत्याने खटका दाबला, की त्याचे पुस्तक त्याने कालच्या भेटीत जिथे सोडले असेल तिथून पुढे वाचले जाई.

सर्व्हरची प्रणाली जुनी झाली होती. शिष्येने त्या सकाळी तिचे नवे रूप चढवले. सर्व पायऱ्या सुरळीत पार पडल्या. शेवटी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि पडदा काळाच राहिला. नाव आणि पासवर्ड विचारणारी लॉगिनची चौकट काही येईना. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

तिने कळफलकावरची सगळी बटणे दाबून पाहिली. पडद्याची तार काढून, फुंकर मारून पुन्हा लावली. यंत्रावरचा हिरवा दिवा मध्येच भरभर लुकलुकू लागला, तेव्हा तर तिला ती शेवटची घरघर वाटली.

श्रोते यायची वेळ होत आली होती. त्यांना तोंड कसे दाखवायचे? तिने घाईघाईने एक पाटी लिहिली, बाहेरच्या दारावर टांगली, आणि मागच्या यंत्राच्या खोलीत दार लावून बसली. तिथल्या गार हवेच्या यंत्राची घरघर इतकी, की बाहेरचे काही कानी पडत नसे. मग तिने आपल्या वृद्ध गुरुजींना फोन केला. हे श्रवणालय त्यांनीच उभारले होते.

गुरुजी आले तेव्हा तिच्या हातात एक पेनड्राइव्ह होता.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"प्रणाली पुन्हा पहिल्यापासून बसवते, गुरुजी. दुसरा उपाय नाही."

"म्हणजे डिस्क पुसली जाणार. पुस्तकांची प्रत दुसरीकडे आहे?"

तिची मान खाली गेली. "जुन्या पुस्तकांची आहे. टांगेवाल्याच्या पुस्तकाची घ्यायची राहिली."

एका विसरभोळ्या टांगेवाल्याची ती गमतीदार कादंबरी एका निवृत्त शिक्षिकेने हिवाळाभर बसून वाचून दिली होती. त्या आता परदेशी मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या होत्या. घोड्याशी भांडणारा तो टांगेवाला त्यांच्यासारखा दुसऱ्या कोणाला जमला नसता.

"तरीही पुसणार?"

"यंत्र मेलंच आहे, गुरुजी. आतलं पुस्तक तरी कुठलं जिवंत असणार?"

"मेलं कशावरून?"

"पडद्यावर काहीच दिसत नाही."

गुरुजींनी तिच्या हातातला पेनड्राइव्ह काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. मग त्यांनी पडद्याची तार उपटली, पडदा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. सर्व्हरला मात्र त्यांनी बोटही लावले नाही.

"गुरुजी! आता तर ती रेघसुद्धा दिसायची नाही!"

"नाहीच दिसायची. आता दालनात जा आणि श्रोत्यांची क्षमा मागून ये."

"पण ते आलेच नसतील. मी पाटी लावली आहे."

"जा तर खरी," गुरुजी म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

शिष्येने दार उघडले आणि ती उंबऱ्यातच थबकली. दालनातल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. कानांवर हेडफोन चढवून सारे निवांत बसले होते. पुढच्या खुर्चीतल्या बायजाक्का पदर तोंडावर धरून हसत होत्या. त्यांच्या शेजारी बसलेले सदोबा तबलजी गंभीर होते. पण थोड्या वेळाने बायजाक्का शांत झाल्या आणि सदोबा खो खो हसू लागले. पाठीमागे आणखी कोणी तिसरेच हसले. टांगेवाल्याच्या गोष्टीत प्रत्येकजण आपापल्या पानावर होता आणि आपापल्या वेळी हसत होता.

बायजाक्कांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. "कोण, पोरी तू होय? एवढी चोरपावलांनी का येतीस? मांजर झालीस काय?"

"बायजाक्का, तुम्ही आत कशा आलात? मी दारावर पाटी लावली होती."

"पाटी?"

"ऐकलंत का हो!" सदोबांनी मांडीवर थाप मारली. "हिनं आपल्यासाठी पाटी लिहिलीय! अगं, अक्षर तरी चांगलं काढलंयस ना? वाच की जरा आम्हाला."

शिष्या लाजेने लाल झाली. पण त्यांनी विचारले होते, म्हणून तिने सांगितले, "तांत्रिक अडचणीमुळे आज यंत्र बंद आहे. ऐकता येणार नाही."

एव्हाना सगळ्यांनीच हेडफोन कानांवरून सरकवले होते. दालनात असा हशा उसळला, की या खेपेस मात्र सगळे एकाच वेळी हसले.

"मग हा टांगेवाला मघापासून माझ्या कानात कोण ओरडतोय?" बायजाक्का डोळे पुसत म्हणाल्या. "जा बाई, आमचा घोडा नदीत उतरलाय. नंतर ये."

शिष्याही हसू लागली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसत होती. धावतच ती खोलीत परतली.

"गुरुजी, ते ऐकताहेत! सगळे! ज्याचं त्याचं पान ज्याच्या त्याच्यापुढे येतंय!"

"हो. येताना मी पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

गुरुजी म्हणाले, "मी सांगितलं असतं, तर तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास. तो तू यंत्रावर आणि त्या माणसांवर ठेवावास, असं मला वाटत होतं. बाळ, लॉगिनची चौकट हा सर्व्हरचा चेहरा आहे, आणि तो फक्त तुला न् मला दिसतो. नवं रूप घेताना तेवढा चेहरा रंगवायचा राहिला. त्याचं काम मात्र चालूच होतं. ज्यांच्यासाठी यंत्र आहे, त्यांना तू विचारलंच नाहीस. उलट त्यांच्यापासून दार लावून बसलीस. आता सांग, पुढच्या दारानं जाता येत नसेल तर काय करावं?"

शिष्येने आपला लॅपटॉप उघडला आणि नेटवर्कवरून सर्व्हरला साद घातली. सर्व्हरने लगेच तिचे नाव विचारले, मग पासवर्ड. आणि तिला आत घेतले.

आत जाताच तिने दुरुस्तीला हात घातला नाही. आधी टांगेवाल्याच्या पुस्तकाची प्रत करून दुसऱ्या डिस्कवर ठेवली. ती पूर्ण उतरली ना, हे ऐकून पाहिले. मगच तिने यंत्राच्या नोंदी वाचल्या. चूक अगदी साधी निघाली. पडदा रंगवणारा जुना ड्रायव्हर नव्या प्रणालीशी जुळत नव्हता, त्यामुळे लॉगिनची चौकट उभी राहू पाहत होती आणि पुन्हा पुन्हा कोसळत होती. तिने योग्य ड्रायव्हर बसवला. घोडा नदीपार होईपर्यंत वाट पाहिली, श्रोत्यांना विचारून यंत्र एकदा बंद करून चालू केले, आणि पडदा भिंतीकडून वळवून तार जोडली.

काळ्या पडद्यावर निळसर उजेड फुलला. मधोमध स्वच्छ चौकट उमटली.

"ये," गुरुजी खुर्ची पुढे सारत म्हणाले, "सकाळपासून हिची वाट पाहत होतीस. नाव लिही."

शिष्येने चौकटीकडे डोळे भरून पाहिले. मग ती दाराकडे वळली.

"थांबा, गुरुजी. आधी त्यांना पुन्हा ऐकू येतंय ना, ते विचारून येते."

 गुरुजींनी तिच्यासाठी दार उघडे धरले.

आपल्या घरातलेही एखादे माणूस एके दिवशी बोलेनासे होते. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून निकाल देण्यापूर्वी, ते अजून कोणाकोणासाठी काय करत आहे, तेवढे जाऊन पाहावे.