मातीपर्यंत

चारचौघांत कुणी तुम्हाला खाली ओढलं, तर त्या दुखण्याला नेमकं काय नाव द्यावं, या विचारानं तुम्ही कधी थकून गेला आहात का?

एकदा एक शिक्षिका अशीच थकून आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. हेमलता तिचं नाव. अठरा वर्षं ती दहावीला इंग्रजी शिकवत होती. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर सांगितलं, "बाई, दहावी आता तुम्हाला झेपत नाही. उद्यापासून पाचवी घ्या." मागे कुणीतरी हसलं. तिनं तिथेच इंग्रजीत राजीनामा लिहायला घेतला, पण एका शब्दापाशी पेन अडलं.

गुरुजींनीच तिला लहानपणी इंग्रजी शिकवलं होतं. त्यांची रीत जुनी होती. कुठलाही शब्द विचारा, ते आधी हाताला काम देत, मग अर्थ सांगत.

"सर, ह्युमिलिएट लिहू की डिग्रेड? जास्त झोंबेल तो सांगा."

"सांगतो. आधी ती टोमॅटोची रोपं लाव. माझे गुडघे संपावर गेलेत."

"सर, मी घाईत आहे हो. उभ्या उभ्या आलेय."

"मग आता जरा वाक."

तिनं मुकाट्यानं पदर खोचला. पहिलं रोप तिनं मुळं झाकली जातील एवढंच पुरलं. वाफ्याच्या कडेला पाटावर बसलेल्या गुरुजींनी ते उपटलं, खालची पानं खुडली आणि खोड अर्ध्यापर्यंत मातीत दाबलं.

"अहो, गुदमरेल ते!"

गुरुजींनी पंधरवड्यापूर्वी लावलेलं एक रोप हलक्या हातानं उकरून दाखवलं. दाबलेल्या खोडावर पांढरी, केसांसारखी मुळं फुटली होती. हेमलता बघतच राहिली.

"डिग्रेड शब्दात लॅटिनमधली पायरी आहे," गुरुजी म्हणाले. "पायरीवरून उतरवलं, एवढंच तो सांगतो. ती पायरी शाळेची होती. का काढून घेतली, ते लेखी विचार. जरूर विचार. ह्युमिलिएट, म्हणजे अपमान करणं, त्याच्या मुळाशी मात्र माती आहे, लॅटिनमधली ह्युमस. आणि हंबल, म्हणजे नम्र, त्याच्याही मुळाशी तीच माती. तुला ढकललं हा अन्यायच. त्याला मी गोड नाव देणार नाही. पण पडलीस तिथे मुळं धरायची की नाही, हे ढकलणाऱ्याच्या हातात नसतं."

ती तिथेच मातीत टेकली. मग हळूच म्हणाली, "फार थकलेय हो, सर."

"दिसतंय. थकलेल्या माणसानं राजीनामा लिहू नये. चहा घ्यावा. पण आधी उरलेली चार रोपं लाव."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. चारही रोपं तिनं खोल लावली. निघताना पर्समधला अर्धवट राजीनामा तिनं काढला, त्याला बोटांची माती पुसली आणि तो वाफ्याशेजारच्या पालापाचोळ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कारण लेखी मागणारं दोन ओळींचं पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि पाचवीच्या वर्गात जाऊन ती मुलांबरोबर सतरंजीवर बसली.