दमल्या दोरांचा खडक

रेवळीच्या खाडीच्या तोंडाशी एक बसका काळा खडक आहे. त्याच्यावर जुन्या दोरांची वेटोळी पडलेली दिसतात आणि पाहुणे हमखास विचारतात, हा कचरा इथे कोणी टाकला? गावचे म्हातारे धर्मा तांडेल रागावत नाहीत. असे विचारणारे त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. ते आधी पाहुण्यांना बसवतात, मग सावकाश सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, इथे पोशा नावाचा कोळी होता. त्याच्या लहानशा होडीचे शीड ज्या काथ्याच्या दोराने वर चढे, तो दोर त्याच्या बापाने वळलेला. बाप समुद्रात गेला; होडी आणि दोर तेवढे परत आले. तेव्हापासून पोशाची आई आवडाय दर नारळी पुनवेला त्या दोराला तेल-शेंदूर लावी. शेंदराखाली दोर झिजत चालला आहे, हे पोशाच्या हातांना कळत होते. पण बदलायचे नाव काढले की आईच्या डोळ्यांत पाणी येई. मग पोशा तोच दोर पुन्हा बांधी. दिवसभर जाळी ओढून आलेल्या माणसात वाद घालायचे त्राण कुठले?

एका दुपारी परतताना वारा अचानक उसळला आणि दोर तुटला. शिडाची आडवी काठी धाडकन खाली आली, बरोबरच्या धाकट्या भावाचा, हशाचा, खांदा मोडला. शीड पाण्यात लोळू लागले आणि होडी लाटांना आडवी झाली. पोशाने आधी शीड आत ओढले. हशाला एका हाताने सुकाणू धरायला लावून त्याने वल्ह्याने होडीचे तोंड लाटांकडे फिरवले. मग उरलेला दोर डोलकाठीच्या मधल्या खाचेतून ओवून शीड अर्धेच वर घेतले. पण दोर खुंटीपर्यंत पुरेना. तेव्हा त्याने तो मनगटांना गुंडाळला आणि मागे रेलून उभा राहिला.

“दादा, घटकाभर टेक,” हशा म्हणे.

“सोडला तं बुडलो,” पोशा एवढेच बोले.

उन्हे कलताना होडी या खडकाला लागली. पोशा खडकावर बसला, पण त्याच्या मुठी उघडेनात. गावकऱ्यांनी ओढून पाहिले, हशाने विनवले. आवडाय धावत आली. दोरावरचा शेंदूर धुऊन गेला होता. आतले धागे बोट लागताच गळत होते. ते पाहून म्हातारी त्याच्याशेजारी बसली. तिने मुलाच्या मुठींवर हात ठेवला.

“सोड रं बाला. घरा आयलास.”

मुठी उघडल्या. पोशाने आईच्या मांडीवर डोके टेकले, ते पुन्हा उचलले नाही, असे सांगतात.

आजही नारळी पुनवेला, समुद्राला नारळ देण्याआधी, रेवळीचा प्रत्येक कोळी शिडाचा दोर उतरवून इथे ठेवतो आणि घरातली म्हातारी तेच शब्द बोलते. दोर धड असला तरी तो परत कोणी उचलत नाही. वाया जातो की, असे एखादा पाहुणा म्हणतोच.

“जाव दे,” धर्मा तांडेल म्हणतात. “मानूस तं घरा येतं.”