वैद्याची मूठ

फार पूर्वी वेणुमती नगरीत राजा अजितसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीपलीकडच्या डोंगराळ मुलुखात एका वैद्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव भद्रिल ठेवण्यात आले.

वेणुमतीत एका गल्लीत एकवीस वैद्य राहत. तिथे कुणाला शिंक आली तरी तिघे नाडी बघायला धावत. नदीपलीकडे मात्र बेचाळीस गावांना मिळून एक वैद्य होता, तो म्हणजे भद्रिल. बैलाच्या पाठीवर औषधांच्या गोण्या घालून तो गावोगाव हिंडे आणि एका गावाची पाळी पुन्हा यायला दीड महिना लागे. लोक म्हणत, आपल्याकडे आजारी पडायचे तर वैद्याची पाळी बघून पडावे. ते हसत म्हणत, पण ज्यांच्या घरात पाळी चुकलेली असे ते हसत नसत. जगात गरज सरो, वैद्य मरो अशी रीत आहे. या मुलुखात गरज कधी सरलीच नाही, वैद्य तेवढे मरत गेले.

वैद्य कमी का, याचे कारण त्यांच्या एका चालीत होते. त्या राज्यात प्रत्येक गुरू शिष्याला सगळी विद्या शिकवी, एक औषध मात्र मागे ठेवी. त्याला मूठ म्हणत. मरताना गुरूने एकाच शिष्याला जवळ बोलवायचे, त्याच्या कानात ते औषध सांगायचे आणि मग डोळे मिटायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे वैद्यांच्या श्रेणीतले, म्हणजे संघातले, वडीलधारे सांगत. पण मरण काही शिष्याला निरोप धाडून येत नाही. कुणी दरीत पडला, कुणाची वाचा आधीच गेली, आणि दर पिढीला विद्या थोडी थोडी उणी होत गेली. पुढे पुढे अर्धवट शिकलेल्या वैद्याकडे शिकायलाही कुणी येईना, आणि जे उरले ते नगरातच राहिले.

भद्रिलचा गुरू नदी उतरताना बुडाला. त्याच्या मुठीत बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे औषध होते. भद्रिलने बारा वर्षे रान पालथे घातले, चुकला, पुन्हा सुरुवात केली आणि अखेर ते औषध शोधून काढले. मग त्यानेही ते मुठीत ठेवले. बोधिसत्त्व असले तरी माणसाच्या जन्माला आले होते, आणि लहानपणापासून जे पाहिले ते त्यांना योग्यच वाटत होते.

पिंपळदरी गावात पाटला नावाची सुईण होती. तिची मुलगी मेघी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दिवस भरत आले तेव्हा भद्रिल नुकताच पिंपळदरीची पाळी उरकून पुढे निघाला होता. पाटलेने त्याला वेशीवर गाठले.

"वैद्यबाबा, पोरीचं अंग सुजलंय. मला भ्या वाटतं. ते रगत थांबायचं औषध आधी देऊन ठेवा."

"ते ताजंच उगाळावं लागतं, पाटले. दुसऱ्या दिवशी त्याचा गुण जातो."

"मग कशाचं उगाळायचं तेवढं सांगा. मी उगाळते."

भद्रिलने मान खाली घातली. "ते सांगता येत नाही. निरोप धाड, मी येईन."

पाटलेने आठव्या दिवशी सकाळी निरोप धाडला. तो एका धनगराने आणला, आणि त्याला भद्रिल सापडला तो आठ गावे पलीकडे, एका म्हाताऱ्याचा मोडलेला पाय बांधताना. भद्रिल बैल तिथेच सोडून पायी निघाला आणि वाटेत कुठेही बसला नाही. पिंपळदरीच्या वेशीवर पोचला तेव्हा लोक स्मशानातून परतत होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच, फक्त वरात तेवढी नव्हती.

पाटला ओसरीवर बसली होती. मांडीवर मेघीची मुलगी होती, तिला बोटाने दूध चाटवणे चालले होते. तिने वर पाहिले नाही.

"मी तीस वर्षं बायकांची बाळंतपणं केली," ती म्हणाली. "माझे हात होते, चूल पेटलेली होती, पाणी तापलेलं होतं. सगळं होतं. तुमचं औषध मात्र तुमच्या डोक्यात, आन् डोकं आठ गावं पलीकडं."

भद्रिल अंगणातूनच म्हणाला, "लोध्राची साल तुला ठाऊक आहे. तिच्यात धायटीची फुलं घालून ताकात उगाळायची. एवढंच."

पाटलेने आता वर पाहिले. "धायटी? पाणवठ्यावरची? जिच्या फुलांनी आम्ही सूत रंगवतो ती?"

"तीच."

अंगणात दोरीवर मेघीने रंगवलेले लाल सूत अजून वाळत होते. पाटला त्याच्याकडे बघत राहिली, मग नातीला छातीशी धरून तिने हंबरडा फोडला. भद्रिल अंगणात तसाच उभा राहिला. आयुष्यात त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवसांनी भद्रिल होता त्या गावी नगरातून पालखी आली. वैद्यश्रेणीचा प्रमुख यज्ञसोम स्वतः ती घेऊन आला होता. राणी गरोदर होती आणि भद्रिलच्या मुठीत काय आहे हे नगरात ठाऊक होते. यज्ञसोम म्हणाला, "भद्रिल, तुझं नशीब उघडलं. राजवैद्य होशील. राणीला औषध दे, मूठ मात्र उघडू नकोस. ती मिटलेली आहे तोवरच तुला मान आहे."

त्या दिवशी गावात आठवड्याचा बाजार होता आणि भोवतालच्या गावांतल्या सुइणी मीठ घ्यायला आल्या होत्या. भद्रिल पालखीकडे गेला नाही. तो बाजाराच्या मधोमध दगडावर उभा राहिला, त्याने धायटीची डहाळी वर धरली आणि औषध मोठ्याने सांगितले. किती साल, किती फुले, ताक किती आंबट, सगळे सांगितले. मग पुन्हा सांगितले. बायकांनी एकमेकींकडून म्हणवून घेतले. यज्ञसोमाने पहिला शब्द ऐकताच कानांत बोटे घातली होती. बाजार पांगेपर्यंत त्याने ती काढली नाहीत.

"जे सगळ्या बाजाराला ठाऊक, ते औषध कसलं?" तो पालखीत बसताना म्हणाला. "आजपासून तू वैद्य नाहीस. आणि या मुलुखात दुसरा वैद्यही येणार नाही."

श्रेणीच्या माणसांनी भद्रिलचा दगडी खल नदीकाठी नेऊन फोडला. त्याला रोग्याची नाडी धरायची बंदी झाली. राजानेही ती कायम केली, कारण राण्यांची औषधे बाजारात सांगितलेली त्याला आवडली नाहीत.

त्यानंतर बेचाळीस गावांत बाळंतिणी पूर्वीसारख्या जाईनात. एवढे एक चांगले झाले. बाकीचे तसे झाले नाही. भद्रिल मोळीवाल्यासारखा झाडपाला वाहून गावोगाव देई आणि जे जे येत होते ते सांगत राही. जुलाबाचे, खरजेचे, विंचवाचे औषध लोक शिकले. पण नाडी काही बाजारात शिकवता येत नाही, आणि सांधा बसवायला बघून बघून हात तयार व्हावा लागतो. एकदा ज्वराची साथ आली आणि तीन गावांत चुली पेटवायला माणूस उरला नाही. लोक नदीकडे बघत, पण पलीकडून कुणी येत नसे.

बारा वर्षांनी तोच ज्वर भद्रिलला आला. त्याला पाटलेच्या घरी आणून निजवले. ज्वरावर जे होते ते पाटलेने दिले, तिला ते त्यानेच शिकवले होते. ते पुरेसे नाही हे दोघांनाही माहीत होते. मेघीची मुलगी उशाशी बसून वारा घालीत होती.

तिसऱ्या दिवशी, भद्रिल मरणाला टेकल्याचे ऐकून, यज्ञसोम आला. म्हातारा नदी उतरून, चिखल तुडवून पायी आला होता. बाजारात ओरडून सांगितलेले औषध वापरणे नगरातल्या वैद्यांनी कमीपणाचे मानले होते, म्हणून नगरात बायका बाळंतपणात अजून जात होत्या. राणीही गेली होती. आता यज्ञसोमाच्या नातीचे दिवस भरले होते. मरणाऱ्या वैद्याच्या तोंडून कानात पडलेले औषध मात्र चालीप्रमाणे घेता येत होते. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने भद्रिलच्या ओठांशी कान नेला.

"भद्रिल, मूठ उघड."

भद्रिलने हात उचलला आणि बोटे पसरली. "बघ. काही उरलं नाही. पाटलेला विचार."

एवढे बोलून त्याने प्राण सोडला. पाटलेने आधी त्याचे डोळे मिटले. मग ती यज्ञसोमाकडे वळली आणि बाजारात सांगावे तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "लोध्राची साल घ्या. तिच्यात धायटीची फुलं घालून ताकात उगाळा." या खेपेला त्याने बोटे कानांत घातली नाहीत. तो उठून लगबगीने नदीकडे गेला. नातीपर्यंत वेळेत पोचला की नाही, ते नदीच्या या काठी कुणाला कळले नाही.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. आदल्या दिवशी तिथे एका तरुण भिक्खूला अग्नी दिला होता. त्याच्या दुखण्यावरचे औषध विहारातल्या एका भिक्खूला ठाऊक होते, पण ते त्याने कुणाला सांगितले नव्हते, आणि त्या दिवशी तो भिक्षेसाठी दूरच्या गावी गेला होता. कथा संपवून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाचा यज्ञसोम म्हणजे हा औषध जाणणारा भिक्खू. पाटला म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी रात्रंदिवस बसलेली वृद्ध उपासिका. मेघी म्हणजे काल आपण ज्याला अग्नी दिला तो. आणि भद्रिल मीच होतो."

औषध जाणणारा भिक्खू रडत उभा राहिला आणि सर्वांसमोर ते औषध सांगू लागला. शास्त्यांनी त्याला पूर्ण सांगू दिले. मग ते म्हणाले, "भिक्खूंनो, ही दानपारमिता, दानाची परमसीमा. विद्येचं दान मीही केलं, पण मेघी गेल्यावर केलं. ते दुःख मला त्या जन्मात शेवटपर्यंत पुरलं."